मृत्यूच्या भरपाईचा दावा आणि वकिलाची निवड

मावसबहिणीचे यजमान नुकतेच रस्ता अपघातात गेले, म्हणून आज तिच्यासोबत भरपाईच्या चौकशीसाठी जिल्हा न्यायालयात गेलो होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील हा दावा अपघात घडला तिथेच नव्हे, तर वारस राहतात तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दाखल करता येतो, हे ऐकून तिला मोठाच दिलासा मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ज्या काळात घरातली माणसे धड जेवतही नाहीत, त्याच काळात ही धावपळ करावी लागते.

पहिल्या वकिलांनी आकडा आधीच सांगून टाकला आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागितली. वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांना असा करार मुळीच मान्य नाही. दुसऱ्या वकीलबाईंनी आकडा सांगितला नाही. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, अपघातातल्या ट्रकची विमा पॉलिसी आणि उत्पन्नाचे पुरावे मागितले. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) निकालानुसार ३६ ते ४० वयोगटासाठी १५ चा गुणक (भरपाई काढताना वार्षिक उत्पन्नाच्या हिशेबाला ज्याने गुणतात तो आकडा) लागतो आणि प्रणय सेठी (२०१७) निकालानुसार स्वयंरोजगार करणारी व्यक्ती चाळिशीच्या आतली असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरली जाते, म्हणून यजमानांच्या गॅरेजचे उत्पन्न सिद्ध होणे महत्त्वाचे, हे त्यांनी शांतपणे समजावले. उत्पन्न कितीही असले तरी महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही त्यांनीच सांगितले. स्वतःची फी बुडण्याची शक्यता असताना! गॅरेजच्या वह्या घेऊन सोमवारी त्यांच्याकडेच जायचे ठरले आहे.