आमची वाटचाल : डिपॉझिट परत देण्याचा दिवस

पुण्याजवळ वाकडला आमचं छोटं ऑफिस आहे. एक-दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्या माणसांची कामं आम्ही करतो. भाडेकरू बघायचा, करार नोंदवायचा, भाडं वेळेत जमा झालं का ते पाहायचं, नळ गळला तर प्लंबर पाठवायचा. आमचे मालक म्हणजे निवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घेतलेले बँकेतले काका, मुलगा अमेरिकेत असलेल्या काकू, गृहकर्जाचा हप्ता अजून चालू असलेलं शिक्षक जोडपं.

सुरुवात फक्त करारापासून झाली. नोंदणी खात्याने लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, ऑनलाइन नोंदणी आणली, तेव्हा मी लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र बॅगेत घालून घरोघरी जायला लागलो. 'थंबवाले' एवढीच ओळख होती. पण अंगठा देता देता मालक प्रश्न विचारायचे, आणि आमचा पुढचा सगळा धंदा त्या प्रश्नांतून उभा राहिला.

पहिला प्रश्न ठरलेला. "अकरा महिन्यांचाच तर करार आहे, स्टॅम्पवर नोटरी केली की झालं ना?" नाही झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला की भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क जेमतेम साडेपाचशेच्या थोडं वर जातं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. एवढ्यासाठी लाखांच्या घराची जोखीम कशाला घ्यायची? नोंदवलेला करार संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते.

दुसरा प्रश्न, "भाडं किती येईल?" आम्ही त्यांना हातात किती उरेल ते कागदावर मांडून दाखवतो. ६० लाखांच्या फ्लॅटला १८ हजार भाडं धरा. वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार, रिकाम्या महिन्याचे १८ हजार, मालमत्ता कर आणि रंगरंगोटीचे २० हजार काढले की १ लाख ४२ हजार उरतात. अडीच टक्केसुद्धा नाहीत. काका लगेच एफडीचा दर काढतात, आणि काढायलाच हवा. हा कागद बघून काही जण दुसरा फ्लॅट घ्यायचं थांबले. आमचं एक काम गेलं, पण तीच माणसं पुढे आपले नातेवाईक आमच्याकडे घेऊन आली.

सोसायटीचे प्रश्न छोटे, पण रोजचे. मालक स्वतः राहत नाही म्हणून भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी ना-वापर शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून तसा शासन आदेश आहे. तरी मनाला येईल तो आकडा लावणाऱ्या कमिट्या भेटतात. आम्ही आदेशाची प्रत जोडून सभ्य भाषेत पत्र देतो, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. अनिवासी, म्हणजे परदेशात राहणाऱ्या, मालकांचं प्रकरण वेगळं. तिथे भाडेकरूला ३१.२ टक्के कर कापून भरावा लागतो, भाडं कितीही कमी असो. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या महिन्यात भांडण ठरलेलं.

पण मला मनापासून महत्त्वाचा वाटतो तो भाडेकरू घर सोडतो तो दिवस. घर देताना सगळे गोड असतात. जाताना मालक म्हणतो, "ओट्याला तडा गेलाय," भाडेकरू म्हणतो, "आधीपासून होता," आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, कारण वर्षापूर्वीचा ओटा कुणालाच आठवत नाही. म्हणून आत येण्याच्या दिवशीच आम्ही खोलीनिहाय फोटो काढतो, पंखे-गिझर-नळ चालवून बघतो, महावितरणच्या मीटरचं रीडिंग लिहितो आणि दोघांच्या सह्या घेतो. वापराने फिका पडलेला रंग ही मालकाची झीज, फुटलेलं बेसिन भाडेकरूचं, हेही करारातच लिहितो. उरलेलं डिपॉझिट किल्ली हातात पडताच, त्याच बैठकीत परत. ही अट मान्य नसलेल्या मालकाचं काम आम्ही घेत नाही. पहिल्या वर्षी त्यामुळे बरीच कामं गेली, आणि बायको त्या वेळी ठामपणे पाठीशी उभी राहिली.

२०२० च्या टाळेबंदीत या कागदांची किंमत कळली. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली मुलं लॅपटॉप घेऊन गावी गेली, सामान फ्लॅटमध्येच. एप्रिलमध्ये गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या सूचना दिल्या. एकीकडे पगार कापलेला भाडेकरू, दुसरीकडे त्याच भाड्यातून हप्ता भरणारं शिक्षक जोडपं. दोघांना एकाच फोनवर घेऊन आम्ही किती सूट, कधीपर्यंत, ते ठरवलं आणि लेखी घेतलं. ज्यांना घर सोडायचंच होतं, त्यांचं सामान परवानगी मिळाल्यावर व्हिडिओ कॉलवर एकेक वस्तू दाखवत बांधलं. जुन्या फोटोंशी खोल्या ताडून बघितल्या आणि डिपॉझिट खात्यात पाठवलं. त्यांतले कितीतरी जण पुण्यात परत आले तेव्हा आधी आमच्याकडे आले.

अलीकडे चाकणकडून विचारणा वाढली आहे. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीच्या पैशातून शेतकरी घरांनी भाड्याच्या खोल्या काढल्या आहेत, आणि राहणारे शिफ्टमधले कामगार. तिथल्या मावशी विचारतात, "वीज बिल आठ खोल्यांत कसं वाटायचं?" आम्ही प्रत्येक खोलीला सब-मीटर बसवायला सांगतो, महिन्याचं रीडिंग वहीत कामगाराच्या सहीसह लिहायला सांगतो, आणि भाड्याची पावती रोखीतल्या भाड्यालाही द्यायला लावतो. सध्या तिथल्यासाठी एका पानाचा, सोप्या मराठीतला आणि शेजारी हिंदी असलेला, खोलीत काय आहे आणि कशा स्थितीत आहे त्या यादीचा नमुना तयार करतो आहोत, कारण राहणारा बिहारचा असो की बीडचा, सही करण्याआधी त्याला तो वाचता आला पाहिजे.