पाया आधी, अर्ज नंतर

अनुदानासाठी आमच्या कार्यालयात आलेली फाइल चोख होती. यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्याचा विस्तार, खर्चाच्या 18 टक्के अनुदानाची मागणी, 60 नोकऱ्यांचं आश्वासन. गुणतक्त्यात ती वरच्या तिघांत होती आणि दुपारच्या बैठकीत मंजुरीची शिफारस जायची होती. सकाळी जोडपत्रं शेवटची चाळताना एक पावती हाती लागली: मुख्य यंत्रासाठी पुरवठादाराला दिलेला ॲडव्हान्स. तारीख अर्जाच्या पाच आठवडे आधीची.

लगेच स्थळपाहणी केली. पाया भरून झाला होता, यंत्राचे अँकर बोल्टसुद्धा बसले होते.

प्रकल्प कितीही चांगला असो, छाननीत आधी एकच गोष्ट ठरवायची असते: आपण पैसे दिले नसते तर हा झाला असता का? अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. सवलतींमुळे ज्यांचा निर्णय खरोखर बदलला अशा कंपन्या त्यात 2 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान निघाल्या. म्हणजे बहुतेकांनी तेच पाऊल सवलतीशिवायही उचललं असतं. हे सिद्ध करणं अवघड, म्हणून तारखेवर बोट ठेवावं लागतं. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमावलीत काम सुरू होण्याआधी लेखी अर्ज लागतो. जमीन घेणं, परवाने काढणं म्हणजे काम सुरू होणं नव्हे. पण यंत्राची बंधनकारक ऑर्डर गेली की काम सुरू झालं असंच धरतात. आमची अटही याच धर्तीची होती.

मालकाने काही लपवलं नव्हतं. पावती त्यानेच जोडली होती, आणि मला वाटतं दोष आमच्या अर्जाचाही होता. त्यात ‘काम सुरू होण्याची अपेक्षित तारीख’ असा रकाना होता, पहिल्या ऑर्डरची तारीख कुठेच विचारलेली नव्हती.

शंका आल्यावर बाकीचे आकडेही उलगडले. वेतनपत्रक मागवलं तेव्हा 60 पैकी 22 जण त्याच मालकाच्या आमच्याच हद्दीतल्या जुन्या शेडमधून येणार असल्याचं दिसलं. नव्या नोकऱ्या 38. दर नोकरीमागचं अनुदान दीडपटीच्या वर गेलं. मूळ टिपणात वाढीव करातून अनुदान सात वर्षांत वसूल होत होतं. पण भविष्यातला पैसा आजच्या किमतीत आणलेलाच नव्हता. 8 टक्के दराने आणला की सातची जवळपास अकरा वर्षं होतात, आणि नोकऱ्यांच्या प्रमाणात कर 60 ऐवजी 38 वर धरला तर अठ्ठावीस. कंपनी बांधील राहणार होती पाच वर्षं.

बैठकीत सदस्य नाराज झाले, घोषणा आधीच कानोकानी गेली होती. तरी या टप्प्याला नकार नोंदवला गेला, कारणांसह. तशी नोंद नसेल तर पुढचा अर्जदार ‘त्याला दिलं, मला का नाही’ म्हणून दाद मागतो आणि उत्तर सापडत नाही.

कंपनीची दुसरी, वेगळ्या उत्पादनाची लाइन मात्र अजून कागदावरच होती. तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज घ्यायचं ठरलं. एकाच प्रकल्पाचे तुकडे पाडलेले नाहीत ना, हे आधी तपासलं. अटी कडक ठेवल्या: नव्या नोकऱ्या मागच्या बारा महिन्यांच्या सरासरी कामगारसंख्येच्या वर मोजायच्या, नोकरी म्हणजे पूर्णवेळ आणि वेतन दाखवून सिद्ध झालेली, पैसे तीन हप्त्यांत, पडताळणीनंतरच. भरती कमी पडली तर त्या प्रमाणात वसुली, आणि त्यासाठी बँक हमी. बँक हमीशिवाय वसुलीचं कलम कागदावरच राहतं. कंपनी बुडाली की येणं वसूल करणाऱ्यांच्या रांगेत आपण मागे असतो.

रस्ता आणि वीजवाहिनी आम्ही आधी टाकून द्यावी, ही मागणी मी शेवटपर्यंत अडवली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 2017 साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला 13,000 नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या. 2021 मध्ये करार 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलरवर आला. राज्याची करसवलत भरतीशी बांधलेली होती, म्हणून बरीचशी वाचली. कारखाना जिथे व्हायचा होता त्या माउंट प्लेझंट गावाने जमीन आणि रस्त्यांवर केलेला खर्च मात्र तोवर होऊन गेला होता. टाकलेला रस्ता परत मागता येत नाही.

त्याच आठवड्यात अर्जाच्या पहिल्या पानावर नवा रकाना आला: ‘पहिली बंधनकारक ऑर्डर किंवा ॲडव्हान्स दिल्याची तारीख.’ सोबत पुरवठादाराचं पत्र आणि बँकेचा उतारा बंधनकारक.