मानभावी

आठवीत ‘माझा शेजारी’ या विषयावर निबंध लिहायचा होता. माझा शेजारी समोर आला की गोड बोलायचा आणि पाठ वळली की नावं ठेवायचा. मी लिहिलं, ‘त्याचं बोलणं फार मानभावी असतं.’ जोडीला म्हणही दिली : करणी कसायाची, बोलणी मानभावाची. मराठीच्या बाईंनी निबंध वर्गात वाचायला लावला. म्हणीपाशी मी आवाज चढवला, वर्ग हसला. माझ्या बाकावरचा मित्र मात्र वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसला.

त्याचं घर महानुभाव पंथाचं. त्याची आजी दारातच ‘दंडवत प्रणाम’ म्हणून माझं स्वागत करायची. त्या आजीचा आणि या शब्दाचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं : महानुभाव, मानभाव, मानभावी. महानुभाव म्हणजे थोर वृत्तीचा माणूस. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा हा पंथ. धर्माचं ज्ञान संस्कृतात सांगायचं त्या काळात या मंडळींनी ते मराठीत सांगितलं. आपलं आद्य गद्य चरित्र, ‘लीळाचरित्र’, त्यांचंच. अहिंसा इतकी कडक, की म्हणीला त्यांच्यासमोर उभा करायला कसाईच सापडला. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. बाहेरच्यांना ते वाचता येईनात आणि जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक वाटेल ते बोलू लागतात. थोरपणाचं नाव ढोंगाला चिकटलं ते अशा गैरसमजांतून, असं बाई म्हणाल्या. मला ते आजही पटतं.

मग त्यांनी विचारलं, “तुझा शेजारी नेमकं काय करतो?” या एका प्रश्नासाठी मी शाळेचा कायमचा ऋणी आहे. काम निघणार म्हणून आधीच गोड बोलून ठेवणं ही साखरपेरणी. तुम्ही समोर आहात तेवढ्यापुरती स्तुती, ते तोंडदेखलं. गुळमुळीत बोलणारा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. तो खोटाच असेल असं नाही. आणि लाघवी माणसाचं गोड बोलणं मनापासूनचंही असतं, त्याला या रांगेत बसवू नये. सगळं ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्यासारखं विचारणं, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘मानभावीपणे विचारलं’ म्हणतो, त्याला ‘साळसूदपणे’ हा शब्द आहेच.

मी ‘तोंडदेखलं’ लिहिलं आणि म्हण खोडली. मानभावी हा शब्द आज छापून येतो तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात पंथ नसतो, हे मी जाणतो. माझ्याही नव्हता. तरी तेव्हापासून मी तो वापरलेला नाही.

मधल्या सुट्टीत मित्राला म्हटलं, “मला खरंच माहीत नव्हतं रे.”

तो म्हणाला, “असू दे. फक्त आजीला वाचून दाखवू नकोस.”