आमची वाटचाल: पिंजऱ्याखालची गादी

आमचे ससेपालन जाळीच्या पिंजऱ्यांवर सुरू झाले. खाली पत्र्याचे ट्रे, रोज ओढा आणि रोज धुवा. सशाच्या मूत्रात कॅल्शियम भरपूर असते. त्याचा पांढरा थर पत्र्यावर असा बसतो की नुसत्या पाण्याने निघत नाही. ससे वाढले तसे माणसांचे निम्मे काम ट्रे घासण्याचे झाले. मग ट्रे काढले आणि पिंजऱ्यांखाली गादी, म्हणजे काड-छिलक्यांचा जाड थर, पसरली. पुढे प्रौढ माद्यांसाठी जमिनीवर गादीचे कप्पे केले. दूध तोडलेली पिल्ले मात्र आजही जाळीवरच आहेत, आणि तिथेच राहतील.

कोंबड्यांची गादी पद्धत सशांना जशीच्या तशी लावता येत नाही. कोंबडी दिवसभर उकरते, त्यामुळे गादी आपोआप हलत राहते. ससा मात्र ठरलेल्या कोपऱ्यात मुततो. बाकी गादी कोरडी ठणठणीत आणि तेवढा कोपरा चिखल, असे होते. तिथे हात आपलाच चालवावा लागतो.

पिंजऱ्यांखाली सुरुवातीला 15 ते 20 सेंमी थर देतो. खाली रंध्याचे जाड छिलके, वर 5 ते 8 सेंमी लांबीचे कापलेले गव्हाचे काड. भाताचे तूस चालते, पण पाणी कमी शोषते आणि कुजायला फार वेळ घेते. करवतीचा बारीक भुसा नको, त्याची धूळ थेट नाकात जाते. प्लायवूडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा तर शेडमध्ये आणूच नये. गादी वाढत 40 सेंमीपर्यंत जाते, म्हणून पिंजऱ्याचा तळ जमिनीपासून 90 सेंमीवर ठेवतो.

आठवड्यातून एकदा वरचा 10 सेंमी थर दाताळ्याने हलवायचा, चिखल झालेली जागा फावड्याने उचलायची आणि वर 2-3 सेंमी कोरडे काड टाकायचे. उन्हाळी दिवसांत माशीचे अंडे ते माशी हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो, त्यामुळे ही पाळी चुकवायची नाही. ओल तपासायला मूठ पुरते. आवळल्यावर पाणी सुटले तर गादी ओली, गोळा धरून हलक्या बोटाने फुटला तर बरोबर, धूळ उडाली तर जास्त कोरडी. गादी भिजण्यामागे बहुतेक वेळा मूत्र नसते, पाणी पिण्याचा गळका निपल असतो. आधी पाण्याची लाइन तपासा, मग काड वाढवा.

खरा शत्रू अमोनिया. लेंड्या-मूत्रातल्या नत्राला काड-भुशातला कर्ब पुरला नाही, की ते नत्र वायू होऊन उडते. हवेत तो दहा लाखांत 10 भागांच्या आत हवा. 25 भागांपर्यंत गेला की श्वासमार्गाचे अस्तर दुखावते आणि पाश्चुरेला या श्वसनरोगाच्या जिवाणूला वाट मिळते. शिंका, नाकातून पांढरा स्राव, नाक पुसून पुढच्या पायांची आतली लव चिकटलेली, ही त्याची खूण. शेडमध्ये तासभर वावरलेल्या माणसाला वास कळत नाही. सकाळी पडदे उघडण्याआधी बाहेरून येणाऱ्याने पिंजऱ्याच्या उंचीवर वास घ्यावा. अशा वेळी गादीवर चुना मारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. चुन्याने सामू (pH) वाढतो आणि अमोनिया आणखी सुटतो. आम्ही चुना वापरत नाही.

माद्यांच्या कप्प्यांत नियम उलटा: गादी हलवायची नाही, ओले उचलून वरून भर घालत राहायचे. हलवली की खाली दबलेला वायू आणि रोगाची बीजे वर येतात. खाली काँक्रीट किंवा जाळी हवीच, नाहीतर बीळ खणून मादी बाहेर पडते. प्रत्येकीला वेगळा कप्पा, कारण एकत्र ठेवल्या तर माद्या भांडतात. गाभण मादीला 27-28 व्या दिवशी विण्याची पेटी दिली नाही, तर ती गादीतच खड्डा करून विते आणि पिल्ले ओलीत पडतात. तळव्यांच्या जखमा मात्र जाळीपेक्षा गादीवर कमी, अर्थात ती कोरडी असेल तरच.

पिल्ले जाळीवर ठेवण्याचे कारण कॉक्सिडिओसिस, म्हणजे आयमेरिया या परजीवीचा रोग. लेंड्यांतून पडलेले त्याचे ऊसिस्ट (अंड्यांसारखी टणक कवचाची बीजे) ऊब, ओल आणि हवा मिळाली की काही दिवसांतच संसर्गक्षम होतात. गादीत या तिन्ही गोष्टी असतात. चार ते आठ आठवड्यांचे पिल्लू यात सर्वांत आधी जाते. नेहमीच्या जंतुनाशकांना ऊसिस्ट दाद देत नाहीत. रिकाम्या जागेवर ज्योत किंवा वाफ फिरवणे, आणि नंतर कडक वाळवणे, हेच उपयोगी.

कुजणारी गादी ऊब धरते. थंडीत ते बरे, पण 30 अंशांपुढे ससा धापा टाकतो आणि नराची प्रजननक्षमता घसरते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गादी काढून फक्त 10 सेंमीचा नवा थर देतो. एरवी चार ते सहा महिन्यांनी पूर्ण उपसा. काढलेल्या मालाचा छातीएवढा ढीग लावतो. आतले तापमान 55 अंश गाठून किमान तीन दिवस टिकले की बाहेरचा भाग आत घालून ढीग उलटतो. ढीग पुरता थंड झाल्यावर गांडुळे सोडतो. तापत्या ढिगात ती मरतात किंवा पळून जातात.