बुटातलं गवत

उत्तर नॉर्वेतल्या काराशोकमधला माझा हा दुसरा हिवाळा. याच गावात १ जानेवारी १८८६ ला उणे ५१.४ अंश नोंदले गेले आणि नॉर्वेतला तो नीचांक आजही कायम आहे. इथं नवा माणूस आला की चहाच्या आधी त्याला हे ऐकवतात.

माझा त्रास वेगळाच होता. पाय थंडीनं नाही, घामानं गारठायचे. लोकरीचे दोन मोजे, वर भारीतले बूट, तरी दुपारपर्यंत आत ओल आणि मग बोटं बधिर. शेजारच्या सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, आजींनी (इथं सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारतात, पण माझ्या तोंडी त्या आजीच) बूट बाजूला सारले आणि वाळक्या गवताची एक वेणी माझ्या मांडीवर टाकली.

हे सेन्नेग्रेस, शास्त्रीय नाव कॅरेक्स व्हेसिकारिया. गेल्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या दलदलीत आजींबरोबर ते कापायला गेले होते, तेव्हा पात्याच्या करवती कडेनं बोट चिरलं होतं. देठ चिमटीत फिरवला तर तीन धारा लागतात. तिथंच ओळख पटली: हे गवत नव्हेच, आपल्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातलं!

कापलेली पाती बडवून मऊ करतात, विंचरतात, पिळून वेण्या घालतात. घालताना मोजा नाहीच. पाती मोकळी करून घरट्यासारखी पसरायची, त्यात अनवाणी पाऊल ठेवायचं आणि सगळ्यासकट रेनडिअरच्या कातड्याच्या, टोक वर वळलेल्या बुटात सरकवायचं. पात्यांमध्ये हवा अडकते, घामही गवतच पितं. रात्री काढून वाळवलं की सकाळी पुन्हा तेच. १७३२ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस या उत्तरेकडे फिरला, तेव्हा त्यानंही हे टिपून ठेवलं. पुढे दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमवीर स्कॉटच्या माणसांच्या बुटांतही हेच गवत होतं.

पहिल्या दिवशी माझ्या टाचेखाली गोळा झाला आणि मी लंगडत घरी आले. आजी पोट धरून हसल्या, मग खाली बसून स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा भरून दिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाय कोरडे होते.

आता रोज रात्री चुलीवर गवत टांगलेलं असतं आणि खोलीभर वैरणीच्या गंजीसारखा वास. येत्या ऑगस्टमध्ये पुन्हा विळा घेऊन जायचंय, या खेपेला हातमोजे घालून.