कौन्सिलमधल्या एका बिलाचा माग काढताना – माझा अनुभव

मी महसुलाच्या केसेस बघते, त्यात वतन जमिनींच्या जास्त, म्हणजे गावाच्या पिढीजात कामाच्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनींच्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लागलेलं असतं, इतर हक्कात कुठलातरी जुना शेरा असतो आणि पक्षकार विचारतो की मॅडम, पणजोबापासून आम्हीच कसतोय, मग स्वतःची जमीन विकायला कलेक्टरची परवानगी कशाला. याचं सरळ उत्तर कनिष्ठ गाव वतनं रद्द करणाऱ्या 1958 च्या कायद्यात आहे, पण तो कायदा वाचायला घेतला की तो मागे बोट दाखवतो, 1874 च्या वतन कायद्याकडे. आमचे सर म्हणाले की नुसती कलमं पाठ करून भागणार नाही, हा कायदा कसा झाला, मध्ये कुणी बदलायचा प्रयत्न केला, सरकार काय बोललं ते मुळातून वाच, मग युक्तिवादाला उभी राहा. तर ते वाचन, त्यातही बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मांडलेल्या दुरुस्ती बिलाचं, कसं झालं त्याबद्दल लिहितेय, कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी 1874. मुंबई कौन्सिल, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्याचं कायदे करणारं मंडळ, 1861 च्या कायद्याने आलं आणि पहिली बैठक जानेवारी 1862 मध्ये टाऊन हॉलमध्ये झाली, आज जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तिथेच. कौन्सिल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आजची विधानसभा येते पण तसं काही नव्हतं, गव्हर्नर स्वतः अध्यक्ष, त्याचे कार्यकारी सदस्य आणि त्यानेच नेमलेले थोडे जास्तीचे सदस्य, त्यात निम्मे तरी बिनसरकारी असावेत एवढी अट. पहिल्या सदस्यांत जगन्नाथ शंकरशेठ होते हे खरं, पण प्रश्न विचारायचा हक्क नाही, बजेटवर बोलायचा हक्क नाही, समोर आलेल्या बिलावर बोलायचं तेवढं. 1874 चा तिसरा कायदा म्हणजे वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा अशाच कौन्सिलने केला. पाटील कुलकर्ण्यांपासून महारापर्यंत सगळी वतनं त्यात आली, कुणी काय काम करायचं, वारस कोण, जमीन बाहेर जाऊ द्यायची नाही, सगळं त्यात. आणि ज्या माणसांच्या आयुष्यावर हा कायदा पुढची 85 वर्षं बसला त्यांच्यातलं त्या टेबलावर कुणीही नव्हतं. हे वाचताना मला राग आला आणि अजूनही येतो.

त्या काळातलं कामकाज आधी गॅझेटमध्ये शोधावं लागतं. नंतरच्या काळात मात्र अधिवेशनावार छापील जाडजूड खंड निघायला लागले. एका ग्रंथालयात मला सांगितलं की पत्र आणा, पत्र नेलं तर म्हणाले सही दुसऱ्याची पाहिजे, यात बराच वेळ गेला. त्यामुळे आधी ऑनलाइन स्कॅन बघा, जे मिळत नाही तेवढ्यासाठीच जा. आणि बाबासाहेबांची कौन्सिलमधली इंग्रजी भाषणं महाराष्ट्र शासनाने एका खंडात एकत्र छापलीयेत, माझ्यासारखीला तिथूनच सुरुवात करणं बरं पडलं कारण तारखा हातात येतात, आणि तारीख हातात असली की मूळ खंडात नेमकं पान काढता येतं.

आता खंड कसा वाचायचा ते. दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तरांनी. अमुक तालुक्यातला रस्ता, शिक्षकांचा पगार, चराईची जमीन, आणि खाली सरकारचं उत्तर बहुतेक वेळा दोन ओळीत. प्रश्नांची ही पानं लोक गाळतात, मी म्हणेन गाळू नका, कोण कुठल्या जिल्ह्याचा आहे आणि कुणाला कशाची कळ आहे ते तिथेच कळतं. सिंधचे, गुजरातचे, कर्नाटकातले, आपल्याकडचे असे सगळे एका सभागृहात, कामकाज इंग्रजीत, ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याला आपल्या भाषेत बोलायची मुभा. 1921 पासून गव्हर्नर अध्यक्षाच्या खुर्चीत बसत नाही, निवडून आलेल्यांचं बहुमत आहे, पण सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले अजून आहेतच आणि ते सगळे मिळून मत देतात. शिवाय महसूल खातं राखीव, म्हणजे ते मंत्र्यांकडे नाही, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. वतनाचा विषय महसुलात येतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडतं.

प्रश्नानंतर बिलं. बिल मांडायला परवानगी, गॅझेटमध्ये छपाई, सोबत उद्देश आणि कारणं, मग तत्त्वावर चर्चा, मग सिलेक्ट कमिटी, म्हणजे बिल तपासायला नेमलेली थोड्या सदस्यांची समिती, तिचा रिपोर्ट, मग एकेक कलम आणि त्यावरच्या दुरुस्त्या, मग शेवटचं वाचन, मग गव्हर्नरची संमती, त्यावर गव्हर्नर जनरलची. सरकारचं छोटं दुरुस्ती बिल असेल तर हे सगळं पाण्यासारखं जातं, एक शब्द बदलायचा, एक तारीख वाढवायची, कुणी उठत नाही, पुढचा विषय. मी अशी पुष्कळ पानं वाचली आणि मग सवय झाली की बिल कुणाचं आहे ते आधी बघायचं.

बाबासाहेब 1927 मध्ये नेमलेले सदस्य म्हणून आत आले, डॉ. सोळंकी पण. 19 मार्च 1928 ला बाबासाहेबांनी 1874 च्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. बिल वाचलं तर मोठं क्रांतिकारक वगैरे भाषेत अजिबात नाही, अगदी नेहमीच्या दुरुस्ती बिलासारखं, अमुक कलमाच्या जागी हे घाला, तमुक कलमानंतर हे घाला. पण त्यात काय मागितलंय ते बघा. महाराला वतनाची नोकरी नको असेल तर ती सोडता यावी आणि पूर्ण सारा, म्हणजे जमीन महसूल, भरून जमीन राखता यावी. ज्याला नोकरी करायचीये त्याची कामं कुठली आणि कुणासाठी ते ठरवून द्यावं. बलुतं, म्हणजे कामाबद्दल गावकऱ्यांनी द्यायचं धान्य, दारोदार फिरून मागायला लागू नये, त्याच्याऐवजी पैशात रूपांतर करून साऱ्याबरोबर वसूल करावं. मला वकील म्हणून हे ड्राफ्टिंग फार आवडलं, कारण सरकारला नाही म्हणायला सोपं जाईल असं त्यात काही ठेवलेलंच नाही, जमीन फुकट मागितलेली नाही, उलट जास्त सारा भरायची तयारी आहे.

3 ऑगस्ट 1928 चं भाषण सावकाश वाचावं असं आहे. महाराला कामाला बोलवायची वेळ ठरलेली नाही, दिवस रात्र नाही, वतनदार घरात नसला तर त्याच्या बापाला नाहीतर मुलाला न्यायचं, म्हणजे एका माणसाच्या नावावर अख्खं घर राबवायचं. काम सरकारचं, आणि मोबदला म्हणून काय तर थोडीशी इनाम जमीन जी पिढ्यानपिढ्या वाटणी होऊन तुकडे तुकडे झालीये, आणि गावकऱ्यांकडून बलुतं, जे गावकऱ्यांची मर्जी असेल तर मिळणार. महाराने जरा स्वाभिमानाने वागायचं ठरवलं, मेलेलं जनावर ओढणार नाही म्हणाला, की बलुतं बंद. सरकारची नोकरी करणाऱ्या माणसाचा पगार गावाच्या हातात ठेवलाय हे त्यांनी सरकारसमोर उभं राहून सरकारला सांगितलं. आणि बिल मंजूर झालं नाही तर महार आणि महसूल खातं यांच्यात लढाई होईल हेही तिथेच सांगितलं. पण मला त्या इशाऱ्यापेक्षा त्यांनी मांडलेला हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्यांचे आकडे, महिन्याला हातात काय पडतं, हे सगळं रेकॉर्डवर आलं, आणि रेकॉर्डवर आलेलं पुसता येत नाही, म्हणून तर मी आज वाचू शकतेय.

बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. भाषण सगळ्यांना माहीत असतं, त्याच्यापुढचं कुणी सांगत नाही. कमिटीच्या बैठका बंद दाराआड, छापून येतो तो फक्त रिपोर्ट, आणि सदस्य सहमत नसेल तर त्याचं मतभेदाचं टिपण रिपोर्टला जोडतात. म्हणून रिपोर्ट वाचताना आधी शेवटची पानं उघडायची आणि कुणाचा कशाला विरोध आहे ते बघायचं. मूळ बिल आणि कमिटीतून आलेलं बिल शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने फरक काढायचा, याला शॉर्टकट नाही, डोळे दुखतात पण करायचं. दुरुस्त्यांच्या नोटिसा बघायच्या. महसूल खात्याचा माणूस उठला की तो तत्त्वाला विरोध करत नाही, तो म्हणतो अंमलबजावणीला अडचण आहे, खर्च वाढेल, जिल्ह्याजिल्ह्यात परिस्थिती वेगळी आहे. प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर वाजवी वाटतं आणि सगळी मिळून बिलाचा गळा आवळतात. गाव चालवायला फुकटातला माणूस हवा होता, खरी अडचण ती होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 1929 मध्ये बाबासाहेबांनी बिल मागे घेतलं. खंडात पुढच्याच पानावर पुढचं कामकाज चालू होतं, दुसरा सदस्य, दुसरा विषय.

मी इथे थांबणार होते पण सर म्हणाले, मागे घेतलेल्या बिलाचा पुढे काय परिणाम झाला तेही बघ. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही, 1937 नंतर मुंबईच्या नव्या विधानसभेत वतनाचा प्रश्न परत आणला, 1937 च्याच सप्टेंबरमध्ये खोती, म्हणजे कोकणातली मध्यस्थ जमीनदारी, रद्द करायचं बिलही मांडलं. आणि वतन गेलं ते स्वातंत्र्यानंतर, 1958 च्या कायद्याने. तो कायदा आता वाचते तेव्हा शेजारी 1928 चं बिल ठेवते. सक्तीची नोकरी गेली, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखू नये. पण जमीन आधी सरकारजमा आणि मग कब्जेहक्काची रक्कम भरली की परत त्याच माणसाला, वर कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. रक्कम मुदतीत भरली नाही, कागद तलाठ्याकडे राहिला, म्हणून कित्येक घरं आजही तारखा घेतायत. 1928 च्या बिलात माणूस नुसता सारा भरून जमीन राखणार होता.

सध्याच्या केसमध्ये मी 3 ऑगस्टच्या भाषणातला उतारा आणि मूळ बिलाची उद्देश-कारणं लेखी युक्तिवादाला जोडलीयेत. कलमाचा अर्थ कलमाच्या शब्दांवरूनच लागतो, विधिमंडळातलं भाषण कोर्ट फारतर पार्श्वभूमी म्हणून बघतं, हे मला माहितीये. पण त्या जमिनीवर माझ्या पक्षकाराच्या घराने काय मोजलंय हे फाइलमध्ये असलंच पाहिजे. कुणाकडे 1928-29 चा सिलेक्ट कमिटीचा रिपोर्ट पूर्ण आणि नीट वाचता येईल असा स्कॅन असेल तर नक्की सांगा, माझ्याकडच्या प्रतीत कडेच्या ओळी बाइंडिंगमध्ये गेल्यात.