मेहरूणवरची सकाळ

चिपळूणहून जळगावला आलो, तेव्हा पहिल्याच मे महिन्यात बायकोला म्हणालो होतो, इथे माणसं राहतात तरी कशी? हा तिसरा हिवाळा.

आज साडेसहालाच मेहरूण तलावावर कॅमेरा घेऊन उभा होतो. बोटं गारठलेली, पाण्यावर धुकं, काठाला एकटा बगळा. तो फोटो हलला, जाऊ द्या.

खरा फोटो परतीच्या वाटेवर मिळाला. टोपलीत मेहरूणची बोरं, इवलीशी, काही लाल, काही अजून पिवळट, वर दवाचे थेंब. आजींकडे कॅमेरा वळवला तर म्हणाल्या, "मना काय फोटू काढस भाऊ, बोरेस्ना काढ!"

दोन्ही काढले. पाव किलो घ्यावीच लागली. घरी पोचेपर्यंत निम्मी संपली होती आणि लेन्सच्या झाकणात बिया.